कळ आणि हुकूम

त्रिकोणाची खूण असलेली कळ दाबली की चित्रपट सुरू होतो आणि दोन उभ्या रेघांची कळ दाबली की तो थबकतो, हा अनुभव आज घरातील शेंबड्या पोरालाही इतका सरावाचा झाला आहे, की चित्रपट सुरू करण्याचे सामर्थ्य त्या कळीतच वसत असावे असा समज विचारी माणसाच्या मनातही नकळत घर करून राहतो. वस्तुतः हातातल्या त्या यंत्राला चित्रपटाची, ध्वनीची, किंबहुना समोर एखादे उपकरण उभे आहे की नुसती भिंत आहे याचीही गंधवार्ता नसते. कळ दाबली जाताच त्यातून एक संख्या बाहेर पडते आणि तेथेच त्याचे कर्तव्य संपते. ती संख्या कोणाच्या नावे आहे, तिचा अर्थ काय लावावयाचा आणि त्याबरहुकूम कोणते चाक फिरवावयाचे, हे सारे पलीकडच्या बाजूस ठेवलेल्या एका तक्त्यावरून ठरते; जुन्या मामलेदार कचेरीत आलेला कागद ज्याप्रमाणे शिरस्तेदाराच्या नोंदवहीतून गेल्यावाचून अंमलात येत नसे, त्याचप्रमाणे कळीतून निघालेली संख्याही या तक्त्यातून गेल्यावाचून हुकूम होत नाही. रिमोट कंट्रोलचा इतिहास बहुधा तो घडविणाऱ्या संशोधकांच्या चरित्रांतून सांगितला जातो. मला मात्र त्या इतिहासाचे मर्म या तक्त्यात, आणि तो वेळोवेळी कोणाच्या ताब्यात होता या प्रश्नात आहे असे वाटते.

बिनतारी हुकमाचे पहिले गाजलेले प्रात्यक्षिक निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केले. हौदातली एक लहानशी नाव त्याने दुरून चालवून दाखविली. परंतु तो मामला नौकांचा आणि भावी युद्धांचा होता. दिवाणखान्यातल्या करमणुकीच्या यंत्राला असा हुकूम देण्याची तजवीज फिलाडेल्फियाच्या फिल्को कंपनीने १९३९ सालच्या आपल्या रेडिओंबरोबर केली आणि तिला ‘मिस्टरी कंट्रोल’ असे काहीसे जादूगारी थाटाचे नाव दिले. कोणतीही तार न जोडलेली एक लाकडी पेटी, तिच्या माथ्यावर टेलिफोनवर असते तशी भोके पाडलेली तबकडी आणि पोटात बॅटरीवर चालणारा छोटासा प्रक्षेपक, असा तो सरंजाम असे. एखाद्या भोकात बोट घालून तबकडी फिरवून सोडली की परत येताना ती ठरावीक स्पंदने सोडी. रेडिओत बसविलेला, एकेक पायरीने सरकणारा स्विच ती स्पंदने मोजी आणि तितक्या घरांवर जाऊन थांबे. त्यांतली काही घरे निरनिराळ्या आकाशवाणी केंद्रांची होती, दोन घरे आवाज वाढविण्याची व कमी करण्याची. म्हणजे कळीने संख्या पाठवावी आणि यंत्राने ती आपल्या तक्त्यात पाहावी, ही आजची सर्व व्यवस्था तेथे मूळ रूपात आढळते. तक्ता तेवढा पितळ आणि तांब्याच्या तारांनी लिहिलेला होता. इतक्या चांगल्या आरंभानंतर पुढची तीसपस्तीस वर्षे ही विद्या वेगळ्याच आडवाटांनी का गेली, हे पाहण्यासारखे आहे.

त्या आडवाटांची कथा बव्हंशी शिकागोच्या झेनिथ कंपनीची आहे. कंपनीचा प्रमुख यूजीन मॅक्डोनल्ड याला दूरचित्रवाणीवरील जाहिरातींचा मनस्वी तिटकारा होता आणि प्रेक्षकाला खुर्चीतून न उठता त्यांचे तोंड बंद करता यावे अशी त्याची इच्छा होती. १९५० साली झेनिथने ‘लेझी बोन्स’ या नावाचे नियंत्रक काढले, पण ते संचाला लांब तारेने जोडलेले असल्यामुळे माणसे त्या तारेत पाय अडकून धडपडू लागली. १९५५ साली यूजीन पॉली या अभियंत्याने ती तार काढून टाकली. त्याच्या ‘फ्लॅश-मॅटिक’मध्ये पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशसंवेदी घट बसविले होते, पिस्तुलासारखी धरावयाची एक विजेरी ज्या कोपऱ्यावर रोखावी त्या कोपऱ्याचे काम होई. चित्र व आवाज बंद-चालू करणे आणि चॅनलची तबकडी एका वा दुसऱ्या बाजूला फिरविणे, अशी कामे त्या चौघांत वाटून दिली होती. या पद्धतीत संख्या नव्हती, नोंदवही नव्हती, हुकूम कोणाकडून आला याची खातरजमा करण्याची सोयही नव्हती. कोपऱ्यावर उजेड पडला की तामिली झालीच पाहिजे. परिणाम व्हायचा तोच झाला. दुपारचे ऊन खिडकीतून तिरपे आत शिरले की प्रत्यक्ष सूर्यनारायण चॅनल बदलू लागत. ज्या कंपनीने जाहिरातदारांचा अंमल मोडण्याचा विडा उचलला होता, तिच्या संचावर अशी आकाशस्थ सत्ता चालू व्हावी, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

यावर उपाय शोधण्याचे काम रॉबर्ट अ‍ॅडलर याच्याकडे आले. व्हिएन्नात १९१३ साली जन्मलेला आणि तेथील विद्यापीठात १९३७ साली डॉक्टरेट मिळविलेला हा पदार्थवैज्ञानिक युरोपातील उत्पातांपासून दूर होत झेनिथमध्ये येऊन पोचला होता. रेडिओलहरी भिंत ओलांडून शेजाऱ्याचा संच चालवितील आणि ऐकू येणारा ध्वनी कार्यक्रमातल्या ध्वनीशीच गल्लत करील, म्हणून त्याने मानवी कानापलीकडचा, सेकंदाला सुमारे ४०,००० कंपनांचा नाद निवडला. शिवाय विक्री खात्याचा एक चमत्कारिक हट्ट होता: हातातल्या यंत्रात बॅटरी नको, कारण ती संपली की गिऱ्हाईक संचच बिघडला असे समजून तो परत आणील. ही अट अ‍ॅडलरने ज्या रीतीने पाळली ती मला या सर्व इतिहासातली सर्वांत देखणी युक्ती वाटते. १९५६ साली बाजारात आलेल्या त्याच्या ‘स्पेस कमांड’मध्ये वीज मुळीच नव्हती. आत अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे अडीच इंच लांबीच्या, परस्परांहून किंचित लहानमोठ्या कांड्या होत्या; कळ दाबली की एक चिमुकला हातोडा कांडीच्या टोकावर आपटे, कांडी आपल्या लांबीप्रमाणे विशिष्ट स्वरात झंकारे, आणि संचातील ग्राहक तो स्वर ओळखून त्या त्या कामाला लागे. हातोड्याचा ‘टक्’ असा आवाज तेवढा माणसाला ऐकू येई. बाकीचे संगीत कुत्र्यांसाठी होते. हे स्वर ओळखण्याकरिता संचात सहा अधिक व्हॉल्व्ह घालावे लागत आणि त्यामुळे त्याची किंमत जवळजवळ तीस टक्क्यांनी चढे. पण अतिश्राव्य ध्वनीची ही पद्धत पुढे ट्रान्झिस्टरच्या अंगाने स्वस्त होत पंचवीस वर्षे टिकली आणि असे नव्वद लाखांहून अधिक संच विकले गेले. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला किंवा नाणी जमिनीवर सांडली म्हणजे क्वचित चॅनल बदले, एवढे व्यंग तिला शेवटपर्यंत राहिले.

तिचा खरा दोष मात्र निराळा होता. येथे प्रत्येक हुकमाला स्वतंत्र स्वर लागे. चार हुकमांना चार कांड्या, दहांना दहा. चॅनल पुढेमागे करावयाचे आणि आवाज कमीजास्त करावयाचा, एवढ्यावर जोपर्यंत प्रेक्षकाची भूक भागत होती तोपर्यंत ठीक होते. १९७४ साली बीबीसीने ‘सीफॅक्स’ ही टेलिटेक्स्टची सेवा नियमित सुरू केली, आणि बातम्यांची पाने त्यांच्या तीन अंकी क्रमांकांवरून मागविण्याची गरज पडताच शून्यापासून नवापर्यंतच्या सगळ्या कळा एकदम हव्याशा झाल्या. तेवढे वेगवेगळे स्वर भरवशाने ओळखणे जिकिरीचे होते. याच सुमारास एकात्मिक मंडले स्वस्त झाली आणि अवरक्त प्रकाश देणारे डायोड हाताशी आले. तेव्हा अभियंते पुन्हा फिल्कोच्या मार्गावर आले, म्हणजे स्पंदनांतून संख्या पाठवू लागले. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, भिंत ओलांडत नाही, आणि सेकंदाला छत्तीस-अडतीस हजार वेळा लुकलुकविला म्हणजे स्थिर सूर्यप्रकाशापासून वेगळा ओळखता येतो. पॉलीच्या विजेरीला जे साधले नव्हते ते या लुकलुकीने साधले.

हॉलंडच्या फिलिप्स कंपनीने पुढे रूढ केलेली ‘आरसी-५’ नावाची पद्धत येथे जरा तपशिलाने पाहिली पाहिजे, कारण हुकूम म्हणजे काय याचे इतके नेटके विश्लेषण मी दुसरीकडे पाहिलेले नाही. तिच्यातला प्रत्येक संदेश चौदा द्विमान अंकांचा असतो. पहिले दोन अंक नुसते लक्ष वेधून घेण्यासाठी. शेवटचे सहा प्रत्यक्ष आज्ञेचे. त्यांच्या आधीचे पाच अंक पत्त्याचे, म्हणजे हा हुकूम कोणत्या यंत्राच्या नावे आहे ते सांगणारे. दूरचित्रवाणी संचाचा पत्ता ०, व्हीसीआरचा ५, सीडी प्लेअरचा २०. आज्ञांमध्ये ५३ म्हणजे सुरू कर, ५४ म्हणजे बंद कर, ४८ म्हणजे क्षणभर थांब. पत्ता वेगळा असल्यामुळे एकाच खोलीतल्या तीन यंत्रांपैकी ज्याच्या नावे ५३ आला तेच हलते आणि बाकीची दोन स्वस्थ बसतात. पाच अंकांत ३२ पत्ते आणि सहा अंकांत ६४ आज्ञा बसतात, तेव्हा एकंदर २,०४८ निरनिराळे हुकूम या लहानशा वाक्यात मावत असत. अ‍ॅडलरला त्यांसाठी तितक्या कांड्या कापाव्या लागल्या असत्या. राहिला एक अंक, आणि त्याच्यात खरी चतुराई आहे. कळ दाबून धरली तर तोच संदेश दर ११४ मिलिसेकंदांनी पुन्हापुन्हा जातो. परंतु बोट उचलून तीच कळ पुन्हा दाबली तर हा अंक शून्याचा एक किंवा एकाचा शून्य होतो. हुकूम दोनदा दिला, की एकच हुकूम लांबला, हा भेद त्यावरून यंत्राला कळतो. हा अंक नसता तर अकरावे चॅनल मागण्यासाठी दोनदा दाबलेला एक आणि बोट जरा रेंगाळल्यामुळे लांबलेला एक यांत संचाला फरक करता आला नसता.

फिलिप्सची ही वहिवाट सर्वांनी मानली असती तर पुढचा पसारा टळला असता. तसे झाले नाही. जपानच्या एनईसी कंपनीने आपली वेगळी पद्धत ठरविली, तिच्यात पत्ता व आज्ञा प्रत्येकी एकदा सुलट आणि एकदा उलट पाठवून चुकीला जागाच ठेवलेली नसे. सोनीने तिसरी काढली. आणि प्रत्येक कारखानदाराने आपापले आकडे आपल्यापाशी ठेवले. त्यामुळे घरात जितकी यंत्रे तितके रिमोट, अशी अवस्था १९८० नंतरच्या दशकात पाश्चात्त्य देशांत सर्रास झाली. अ‍ॅपल कंपनीचा एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक याने १९८७ साली ‘कोअर’ या नावाने सर्वांची कामे करणारा रिमोट विकावयास काढला. दुसऱ्या रिमोटचा प्रकाश पाहून तो त्याची नक्कल करून ठेवी. ५३ म्हणजे काय हे त्याला मुळीच माहीत नसे. अर्थ अद्यापि पलीकडच्या यंत्रात, कारखान्यात मोहोरबंद झालेल्या तक्त्यातच होता.

आपल्याकडे या साऱ्या उलाढालीची गरज फार उशिरा भासली. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि पुढे दहाबारा वर्षे महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला निवड करण्याजोगे दुसरे चॅनलच नव्हते. संचावरची चॅनलची खुंटी एकदा वळविली की गंज चढेपर्यंत तशीच राहिली तरी कोणाचे अडत नसे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंगीत संच आले, आणि १९९१ नंतर उपग्रहवाहिन्या व केबल गल्लोगल्ली पोचल्यावर रिमोट ही कुटुंबातली सत्तेची निशाणी बनली. पण मराठी घरांना प्ले, स्टॉप, पॉज, रिवाइंड या आज्ञांची ओळख त्याआधीच झाली होती, ती कॅसेटच्या टेपरेकॉर्डरवरून. त्या जाडजूड, बोटाने रेटून खाली दाबावयाच्या कळांमध्ये कसलाही तक्ता नव्हता. कळीखालची लोखंडी पट्टी सरकून प्रत्यक्ष यंत्रणाच हलवीत असे. स्टॉप दाबला की फीत वाचणारे शीर्ष फितीपासून मागे हटे. पॉज दाबला की शीर्ष फितीला लागून राही, केवळ फीत ओढणारी रबरी चकती सैल पडे, म्हणून पॉज सोडताच गाणे होते तेथून उचलले जाई. थांबण्याचे हे दोन प्रकार यंत्राच्या शरीररचनेतून जन्मले होते. व्हीसीआरमध्ये तर पॉज फार वेळ ठेवणे फितीला घातकच असे, कारण चित्र स्थिर दिसत असले तरी शीर्षांचा दंडगोल फितीच्या त्याच जागेवर घासत फिरत राही. म्हणून काही मिनिटांनी यंत्र आपण होऊन स्टॉपवर जाई. आज फाइल वाचणाऱ्या प्लेअरमध्ये ना फीत आहे ना शीर्ष, तरी स्टॉप आणि पॉज या दोन वेगळ्या कळा राहिल्या आहेत. मागे गुंडाळण्यासारखे काही उरलेले नसता प्लेअर दुप्पट, चौपट, आठपट वेगाने मागे धावण्याचे इमाने इतबारे सोंग करतो. नव्या राजवटीने जुन्या हुद्द्यांची नावे तशीच चालवावीत, असा हा प्रकार आहे.

तक्ता प्रथमच सामान्य माणसाच्या हाती आला तो संगणकामुळे. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्या हौशी मंडळींनी ‘लिर्क’ हा कार्यक्रम प्रचारात आणला. संगणकाच्या मागच्या सीरियल जोडणीला चार-दोन सुटे भाग डाखून घरीच ग्राहक बनवावा, कपाटात पडलेला कोणताही जुना रिमोट घ्यावा, आणि त्याच्या हुकमांचे अर्थ स्वतः ठरवावेत, अशी ती सोय होती. तिच्यात नोंदवह्या दोन असत. पहिलीत स्पंदनांच्या अमुक रचनेला अमुक नाव दिलेले असे, आणि दुसरीत, प्रत्येकाच्या स्वतःच्या फाइलीत, कार्यक्रमाचे नाव, कळीचे नाव आणि त्या कार्यक्रमाला द्यावयाची आज्ञा अशा तीन ओळींचे कलम असे. नाव आणि आज्ञा यांची ही फारकत मला फार महत्त्वाची वाटते. कळीवर ‘प्ले’ छापलेले असले तरी तिने दहा सेकंद पुढे उडी मारावी असे तुम्ही लिहू शकत होता, आणि तेच बटण गाण्यांच्या कार्यक्रमात एक व चित्रपटाच्या कार्यक्रमात दुसरे काम करू शकत होते. कारखान्याच्या मोहोरेचा येथे काही इलाज चालत नसे.

अधिकार हाती आला म्हणजे त्याबरोबर कटकटीही येतात, त्या येथेही आल्या. त्या काळी लोकप्रिय असलेल्या एमप्लेअर या कार्यक्रमाला थांबण्याची आणि पुन्हा चालू होण्याची आज्ञा एकच होती: चालू असेल तर थांब, थांबला असशील तर चालू हो. रिमोटवर मात्र प्ले आणि पॉज या कळा वेगळ्या. दोन्हींपुढे तीच एक आज्ञा लिहावी, तर चित्रपट चालू असता कोणी उगाच प्ले दाबला की तो थांबे. म्हणजे ज्या कळीवर ‘चालू कर’ असे छापले होते ती बंद करू लागे. दोष कळीचा नव्हता. उलटापालट करणारा हुकूम आणि निश्चित स्थिती सांगणारा हुकूम हे मुळातच भिन्न जातीचे आहेत, आणि पहिल्याचा परिणाम यंत्राच्या त्या क्षणीच्या स्थितीवर अवलंबून असतो, ही गोष्ट तक्ते लिहिणाऱ्यांना अशा अनुभवांतून उमगत गेली. यूएसबी जोडणीच्या कळांसाठी ठरलेल्या प्रमाण यादीत प्ले, पॉज आणि दोहोंची जोडकळ यांना तीन वेगळे क्रमांक दिलेले आहेत. आणि एमप्लेअरच्याच वंशातल्या एमपीव्ही या प्लेअरमध्ये ‘फिरव’ आणि ‘अमुक ठेव’ अशा दोन स्वतंत्र आज्ञा आहेत.

दुसरी कटकट अधिक विचित्र होती. २०१० च्या सुमारास लिनक्सच्या गाभ्यातच रिमोटचे तक्ते सामावून घेण्यात आले, आणि रिमोटची कळ कीबोर्डच्या कळीप्रमाणेच एक सामान्य कळ ठरली. या नव्या व्यवस्थेत ‘ओके’ या कळीला ३५२ हा क्रमांक होता. परंतु पडद्यावरचे चित्र सांभाळणारी एक्स-११ ही पद्धत १९८७ साली ठरली होती, आणि तिच्या नोंदवहीत कळीच्या क्रमांकासाठी २५५ पर्यंतच जागा होती. तेव्हा गाभ्याने ‘ओके’ रीतसर ओळखावी, वर पाठवावी, आणि वरच्या खात्यात ती पोचूच नये, असा प्रकार कित्येकांच्या घरी घडे. उपाय साधा होता: तक्त्यात ‘ओके’च्या जागी कीबोर्डवरची ‘एंटर’ लिहावयाची, जिचा क्रमांक २८ आहे. ज्याला हे ठाऊक नसे तो मात्र बॅटऱ्या बदलीत बसे.

या विद्येची सर्वांत प्रगल्भ अवस्था मला एक्सबीएमसी या कार्यक्रमात दिसते. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळयंत्रावर चित्रपट पाहता यावेत म्हणून हौशी लोकांनी तो लिहिला, आणि २०१४ साली त्याचे कोडी असे नामांतर झाले. त्याच्या तक्त्यात कळीचा अर्थ पडद्यावर त्या वेळी कोणते दालन उघडे आहे त्यावरून ठरतो. डावीकडच्या बाणाची कळ यादीत असताना डावीकडे सरकविते. तीच कळ पूर्ण पडद्यावर चित्रपट चालू असताना त्याला थोडा मागे नेते. दालनासाठी स्वतंत्र कलम नसेल तर सर्वसाधारण कलम लागू होते. विशेष नियमाने सामान्य नियम बाजूला सारावा, हा शास्त्रकारांचा उत्सर्ग-अपवादाचा न्याय येथे एका करमणुकीच्या कार्यक्रमात अगदी निर्दोषपणे पाळलेला दिसतो.

इकडे कारखानदारही स्वस्थ नव्हते. एचडीएमआयच्या केबलमधून चित्राबरोबर हुकूमही नेण्याची सीईसी नावाची योजना आली, आणि टीव्हीच्या रिमोटने त्याला जोडलेला प्लेअर चालविता येऊ लागला. तिच्यातले आकडे पाहिले तर सुरू कर ६८, बंद कर ६९, थांब ७०. आणि गंमत अशी की ब्लूटूथच्या हेडफोनवरची कळ मोबाइलला पाठविते ते आकडेही हेच आहेत. कारण दोन्ही योजनांनी आपल्या आज्ञांची यादी फायरवायर नावाच्या आणखी जुन्या जोडणीसाठी तयार झालेल्या यादीवरून उचलली. फायरवायर आता अडगळीत गेली, तिचे आकडे मात्र लोकांच्या कानांजवळ रोज काम करीत आहेत. हीच सीईसी सॅमसंग, सोनी आणि एलजी या कंपन्यांनी अ‍ॅनीनेट, ब्राव्हिया सिंक आणि सिंपलिंक अशा आपापल्या नावांनी मिरविली. आणि कोणत्या कळा पुढे पाठवावयाच्या व कोणत्या टीव्हीने स्वतःच गिळावयाच्या याचा निर्णय पुन्हा एकवार प्रत्येकीने आपल्याकडे ठेवला.

त्याच्याही पुढचे पाऊल २०११ साली पडले, जेव्हा नेटफ्लिक्सने आपल्या नावाची कळ निरनिराळ्या कंपन्यांच्या रिमोटवर येणार असल्याचे जाहीर केले. तोवरच्या कळा क्रियापदे होत्या: चालव, थांब, मागे ने. ही कळ विशेषनाम होती, आणि तिच्यामागे तक्त्यातील एक जागा व्यापारी करारान्वये दिलेली होती. जाहिरातींचा आवाज बंद करण्यासाठी जन्मलेल्या यंत्रावर जाहिरात कायमची छापली जावी, हे पाहून मॅक्डोनल्डने काय म्हटले असते याची कल्पनाच केलेली बरी. अशा कळा आता आपल्याकडच्या बहुतेक नव्या टीव्हींच्या रिमोटवर असतात, आणि ज्या सेवेची वर्गणी घरात कोणीच भरलेली नाही तिची कळ अंधारात चुकून दाबली जाऊन चालू चित्रपट बंद पडणे हा नित्याचा उपद्रव झाला आहे. तथापि त्या कळीतूनही इतर कळांप्रमाणे एक संख्याच बाहेर पडते. तेव्हा लिर्कच्या काळातली खोड अंगात मुरलेली मंडळी अँड्रॉइड टीव्हीवर कळांचे अर्थ बदलणारी छोटी अ‍ॅप घालून त्या संख्येपुढे कंपनीचे नाव खोडतात, आणि तेथे आवाज बंद करण्याची आज्ञा लिहितात.